विहिणीचे पान

नाताळचे टेबल सजवण्याचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले, याचे श्रेय माझ्या अंगच्या कोणत्याही गुणाला नाही. स्वयंपाकघरात मी मध्ये मध्ये येतो, बाजारात हमखास फसतो, आणि चार माणसांत बोलू लागलो की पन्नास मिनिटांचा तास सुरू झाला अशी घरच्यांची समजूत होते. तेव्हा "तुम्ही आपलं ते टेबल तेवढं बघा," असे सौभाग्यवतींनी मला सांगितले, ते केवळ मला कशात तरी गुंतवून ठेवावे म्हणून. मी मात्र ते काम फार गंभीरपणे घेतले. प्राध्यापकाला कोणतेही काम सांगितले की तो आधी वाचायला बसतो. तसा मीही बसलो.

पण पुण्यातल्या आमच्या घरात, ऐन मार्गशीर्षात, नाताळचे टेबल आले कोठून, हे आधी सांगायला हवे.

माझ्या धाकट्या भावाची सासुरवाडी वसईजवळच्या एका गावात आहे. ही मंडळी सामवेदी ख्रिस्ती, त्यांच्याच शब्दात कुपारी. केळीच्या वाड्या, पानवेली आणि भाजीचे मळे पिढ्यान्‌पिढ्या राखलेली, आणि घरात कादोडी बोलणारी. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला हे आपण शाळेत शिकतो. त्या दोनशे वर्षांत जी माणसे ख्रिस्ती झाली ती तिथेच राहिली, तीच शेते कसत राहिली आणि मराठीच्याच एका बोलीत बोलत राहिली, हे मात्र आपल्याला फारसे कोणी सांगत नाही. 'नाताळ' हा शब्दच मुळी पोर्तुगीज. पाव, बटाटा, काजू, चावी, पगार, घमेले यांच्या जोडीने तो आपल्या भाषेत आला आणि इतका घरचा झाला की तो कधीकाळी पाहुणा होता याची आठवणही कोणाला उरली नाही.

हे सारे मी वर्गात रंगवून सांगतो. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना 'क्रिस्तपुराण' शिकवताना तर मला विशेष चेव येतो. इंग्लंडात जन्मलेला, १५७९ साली गोव्यात आलेला फादर थॉमस स्टीफन्स आपली भाषा शिकतो, तिच्या प्रेमात पडतो आणि हजारो ओव्यांचे पुराण रचून १६१६ साली ते छापून घेतो, हे सांगताना माझा आवाज अजूनही चढतो. आणि असा हा क्रिस्तपुराण शिकवणारा मनुष्य, भावाच्या लग्नाला बारा वर्षे होऊन गेली तरी, नाताळच्या जेवणाला एकदाही बसलेला नव्हता! त्याला एक कारण होते. ते कारण आमच्याच घरात, देवघरासमोरच्या खुर्चीत बसून जपमाळ ओढत होते.

आई वाईट आहे असे कृपा करून कोणी समजू नये. तिने लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तीनदा वाचली आहेत. १८९५ साली नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या बाईवर काय प्रसंग आला, आणि जेवणाखाण्याचा विटाळ तिच्या मनातून पुढे कसा सुटत गेला, हे ती डोळ्यांत पाणी आणून सांगते. पुस्तकातल्या माणसांच्या बाबतीत आमची आई फार उदार आहे.

भावाचे लग्न २०१२ साली झाले. चर्चमधला विधी आईने पहिल्या बाकावर बसून नीट पाहिला. सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. जेवणाचा मांडव बाजूलाच होता. मंडळी मांडवाकडे वळू लागली आणि आईचे डोके दुखू लागले. मी गाडी काढली. घोडबंदर रस्त्याला लागल्यावर तिला भूक लागली, तेव्हा रस्त्याच्या कडेला बसलेल्या एका बाईच्या टोपलीतून मी चार केळी घेतली. त्यातली दोन आईने खाल्ली. ती केळी बहुधा वसईचीच असावीत! हा विनोद मला तेव्हाच सुचला होता, पण मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर मांडवाबाहेर पडल्यावर मला हायसेच वाटले होते. तिच्या पानात काय वाढले जाईल आणि ती काय बोलेल, या धास्तीतून मी सुटलो होतो. डोकेदुखी खोटी आहे हे मला ठाऊक होते. विहीणबाईंनाही असणारच.

आपल्याकडे विहिणीच्या पंगतीचा केवढा थाट असे, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. वरमाईसाठी चांदीचे ताट, पाटाभोवती रांगोळीची महिरप, दोन्ही बाजूंना समया, उदबत्त्यांचा घमघमाट, आणि एकेका घासाला आग्रह. विहिणीच्या रुसव्यावर तर आपण अर्धे लोकवाङ्‌मय उभे केले आहे. आमच्या लग्नात विहीण रुसली नाही, भांडली नाही, मानपानाचे शब्दसुद्धा काढले नाहीत. ती जेवली नाही, एवढेच. पुढे बारशाला, आजारपणाला दोघींच्या भेटी झाल्या. एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी झाली. त्या दिवसाबद्दल कोणीच कधी बोलले नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत भावाचे सासरे गेले. मेव्हणा कॅनडात. डिसेंबर आला तसे भावजयीने मला फोन करून अडखळत विचारले, "दादा, आई म्हणते यंदा तारा नको, गोठा नको, काही नको. पण एकटी घरात बसवत नाही म्हणते. आमच्याकडे तर जेवायला टेबलसुद्धा नाही. चोवीस तारखेला रात्री तुमच्याकडे बसलो तर चालेल?"

मी आईकडे पाहिले. आईने जपमाळ थांबवली नाही. "येऊ देत की," ती म्हणाली. "मार्गशीर्ष आहे, तेव्हा घरात मांस-मच्छी, अंडं नको. आणि मी माझं सातला आत जेवून घेईन. तुमच्यात माझं काय काम?"

असे ते टेबल आमच्या घरी आले.

मग मी वाचू लागलो. नाताळच्या टेबलाबद्दल जे काही मिळाले त्यातले बरेचसे इंग्लंडातले होते, आणि त्या टेबलाची मोठी अडचण अशी की त्याच्या मधोमध एक भाजलेला पक्षी बसलेला असतो. १८४३ साली चार्ल्स डिकन्सने 'ख्रिसमस कॅरोल' लिहिले, त्यातल्या गरीब क्रॅचिट कुटुंबाच्या टेबलावरसुद्धा सगळा आनंद एका भाजलेल्या हंसाभोवती फिरतो. पक्ष्याच्या भोवती होलीच्या काटेरी, चकचकीत हिरव्या पानांच्या आणि लाल फळांच्या डहाळ्या, आयव्हीचे वेल, मेणबत्त्या. आणि प्रत्येकाच्या ताटाशी एक एक कागदी फटाका. हा फटाका लंडनच्या टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्याने १८४७ च्या सुमारास काढला. दोघांनी दोन टोके धरून ओढायचा. 'टप्‌' असा आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट निघतो. मग घरातले रावबहादूरसुद्धा तो मुकुट घालून जेवतात. चिरंजीव पुतणे हे ऐकून फार खूष झाले. पण पक्षी उचलून घेतला की इंग्लिश टेबलाच्या मध्यभागी एक मोठे भोक पडते, ते कशाने भरायचे?

उत्तर सापडले पोलंडात. आणि पोलंड आपल्याला वाटतो तितका दूर नाही. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले होते. कोल्हापुरात शिकत असताना मी ती जागा पाहिली होती. त्या लोकांचा नाताळ कसा असतो हे मात्र मी तेव्हा कोणाला विचारले नव्हते. ते आता वाचले. पोलिश घरात नाताळचे मुख्य जेवण चोवीस तारखेच्या संध्याकाळी असते, आणि त्यात मांस चालत नाही! मासे चालतात, हा न्याय आमच्या सारस्वत मित्रांना ताबडतोब पटेल. दिवसभर फारसे काही खायचे नाही, आणि आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय पानावर बसायचे नाही. पोरे खिडकीशी उभी राहून चांदणीची वाट पाहतात.

"म्हणजे संकष्टीच की!" आई खुर्चीतून म्हणाली. ती ऐकते आहे हे मला तेव्हा कळले.

टेबलावर पांढरी शुभ्र चादर, तिच्याखाली गवताच्या चार काड्या. कारण बाळ येशूला जन्मल्यावर गव्हाणीत निजवले होते. जेवणाआधी पापडासारखी एक पातळ पांढरी वडी घरातली माणसे एकमेकांना मोडून देतात, आणि देताना वर्षभराच्या शुभेच्छा देतात, अगदी आपल्या तिळगुळासारखी. आणि टेबलावर एक पान जास्तीचे मांडतात. ते कोणाचेच नसते. ऐन वेळी दाराशी कोणी आले तर त्याला 'जागा नाही' असे म्हणावे लागू नये, म्हणून ते रिकामे ठेवायचे.

हे मला फार आवडले. आम्ही सातजण जेवायचे होतो. मी आठ पाने मांडायची ठरवले.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येक माणसाला दोन फूट जागा लागते, नाही तर शेजाऱ्याचे कोपर आपल्या आमटीत येते. आमचे जेवणाचे टेबल पाच फुटी, म्हणून त्याला मी माझे लिहिण्याचे टेबल जोडले. त्यासाठी विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका पलंगावर गेल्या. लिहिण्याचे टेबल दीड इंच ठेंगणे निघाले, तेव्हा त्याच्या चारी पायांखाली मी जुने दिवाळी अंक घातले. संपादकांनी क्षमा करावी. पण इतकी वर्षे ज्यांनी मराठी मध्यमवर्गाला आधार दिला, त्यांनी एक संध्याकाळ आमच्या टेबलालाही द्यावा, यात गैर काय? टेबलावरचे कापड चारी बाजूंना वीतभर लोंबायला हवे. त्याहून जास्त झाले तर ते बसणाऱ्याच्या मांडीवर येते. डावीकडे काटा, उजवीकडे सुरी, सुरीची धार आतल्या बाजूला, सुरीच्या टोकाशी पाण्याचा पेला. हे सारे मी फूटपट्टी घेऊन मांडले. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असण्यात एक व्याकरणाचा आनंद असतो. विभक्ती चुकली की वाक्य लंगडते, तसेच ते.

राहिला मध्यभाग. होली आपल्याकडे कोठून मिळणार? पण शेजाऱ्यांच्या कुंपणाला कामिनी आहे. तिची पाने तशीच गडद, चकचकीत, आणि मोसम साधला तर लाल फळांचे घोसही असतात. त्या डहाळ्या मागून आणल्या. त्यांच्या जोडीला पॉइन्सेटिया. हे झाड मूळचे मेक्सिकोचे, पण आमच्या हवेला ते चांगलेच मानवले आहे. डिसेंबरात त्याचा शेंडा लालभडक होतो आणि लोक त्या लाल पानांनाच फूल म्हणतात. तोडले की देठातून चीक गळतो. देठाचे टोक क्षणभर मेणबत्तीच्या ज्योतीवर धरले की तो थांबतो आणि फांदी पाण्यात दोन दिवस टिकते. असा मोठा गुच्छ मी आजोबांच्या पितळी कलशात उभा केला, दोन्ही बाजूंना उंच मेणबत्त्या लावल्या, आणि चार पावले मागे जाऊन पाहिले. मासिकाच्या मुखपृष्ठावर छापावे असे ते दिसत होते!

आई केव्हा उठून मागे उभी राहिली होती, कळले नाही.

"विहीणबाई कुठे बसणार?"

मी दाखवले. आई त्या खुर्चीत जाऊन बसली. मला म्हणाली, "तू समोर बस." मी बसलो. माझ्या आणि आईच्या मध्ये लाल पानांचा एक डोंगर होता.

"मला तू दिसत नाहीस," डोंगरापलीकडून आवाज आला. "बाईचा नवरा गेलाय. भरल्या घरात, माणसांत बसावं म्हणून ती येणार. आणि तू तिला झाडासमोर बसवतोस?"

टेबलाच्या सजावटीवर मी पंधरा दिवस वाचले होते. त्यात हा नियम होताच: कोपर टेबलावर टेकवून मूठ उभी धरावी, मुठीच्या वर काही जाऊ नये. पण तो वाचल्यावर मी पान उलटले होते. आईने कात्री मागितली आणि आजोबांच्या कलशातली ती सारी शोभा अर्ध्यावर कापली. उंच मेणबत्त्याही तिने उचलून बाजूला ठेवल्या. "डोळ्यांवर उजेड येतो," म्हणाली.

विहीणबाई चारच्या सुमारास आल्या. भाऊ आदल्या दिवशीच त्यांना आणायला गेला होता. साधी पांढरी साडी, हातात काही नाही, अंगाने अर्ध्या झालेल्या. मागून भाऊ सामान आणत होता: घरच्या वाडीतल्या केळीच्या पानांचा भारा, सुकेळ्यांचा डबा, करंज्या आणि कलकलांचा डबा ("अंडं घातलेलं नाही हो, विहीणबाई," त्यांनी दारातच सांगितले), एक घडी केलेले टेबलाचे कापड, आणि वर ओले फडके घातलेली एक पितळी थाळी. ती थाळी त्यांनी वसईपासून मांडीवर धरून आणली होती.

फडके काढले. थाळीत नाचणीचे बोटभर उंचीचे हिरवेगार, दाट अंकुर उभे होते.

"गोठ्यासाठी दरवर्षी पेरते," त्या म्हणाल्या. "गोठ्यापुढं शेत दिसावं म्हणून. यंदा गोठा करायचा नाही असं ठरवलं होतं. पण दिवस आले तशी नाचणी भिजत घातली. हाताला कोण सांगणार?"

आई थाळीकडे बघत राहिली. "हे तर घट," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "नवरात्रात माझे इतके दाट कधी येत नाहीत. माती कुठली घालता?"

मग दोघींचे मातीवर बोलणे सुरू झाले. त्यात मला भाग नव्हता. माझा पितळी कलश कापलेल्या शोभेसह खिडकीत गेला. टेबलावर विहीणबाईंनी आणलेले कापड आले. त्याला त्यांनी लग्नाआधी स्वतः विणलेली क्रोशाची किनार होती. मधोमध नाचणीची थाळी ठेवली, आणि अंकुरांमध्ये एक बुटकी मेणबत्ती रोवली. तेवढेच. त्या थाळीवरून टेबलाच्या कोणत्याही टोकाचे माणूस कोणत्याही टोकाला दिसत होते. मेणबत्ती वासाची नसावी एवढे मात्र मी वाचकांना सुचवीन. जेवणाच्या वासावर दुसरा वास बसला की दोन्ही वाया जातात.

"पानं किती घेऊ?" भावजयीने केळीची पाने पुसायला काढत विचारले.

"आठ," मी म्हणालो. "सात आपली, आणि एक..." असे म्हणून मी पोलंडातली ती रिकामी जागा समजावून सांगू लागलो. माझा तास नुकता रंगात येत होता, तोच आई म्हणाली, "कोणी नाही त्याचं पान आपल्यात वाढत नाहीत. वाढतात ते श्राद्धाला." खोलीत सगळे एकदम गप्प झाले. ज्या घरातला माणूस दहा महिन्यांपूर्वी गेला त्या बाईसमोर हे बोलून गेलो, असे आईच्याही लक्षात आले असावे.

विहीणबाई पान पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकदा आम्ही मांडलं होतं असं पान. मुलीच्या लग्नात. शाकाहारी स्वयंपाकाला वेगळी चूल केली होती, भांडी नवी आणली होती. आमच्या यांनी वाडीत जाऊन चांगलं रुंद पान बघून कापलं. मांडवाच्या कडेला वेगळं टेबल मांडून त्यावर ते ठेवलं होतं. मंडळी उठेपर्यंत तसंच होतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादी हरवलेली वस्तू कोठे ठेवली होती ते सांगावे, तसे त्यांनी सांगितले. मी टेबलावरच्या सुरीची धार आतल्या बाजूला आहे की नाही ते पाहू लागलो.

आई उठून आत गेली. आता ती सातला आत बसून जेवेल आणि निजेल, असे आम्ही सगळे धरून चाललो. भावजयीने पाने मांडायला घेतली. केळीच्या पानाशी काट्याचमच्यांचे जमेना, तेव्हा माझे सारे व्याकरण परत डब्यात गेले. पानाचे टोक डाव्या हाताला यायला हवे, एवढे तरी मी सांगू शकलो.

बाहेर अंधारू लागले होते. पुतण्या गॅलरीत उभा राहून चांदणी शोधत होता. त्याने मोठ्याने हाक मारली. पश्चिमेला, समोरच्या इमारतीच्या टाकीवर, शुक्र लखलखत होता. तो तारा नसून ग्रह आहे, हे मी त्याला सांगणार होतो. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले आणि मी ते सांगितले नाही.

आत आलो तेव्हा आई टेबलाशी उभी होती. हातात शेवंतीच्या पाकळ्यांची परडी होती; गुरुवारच्या पूजेसाठी आणलेली फुले तिने सोडवली होती. "कापडावर रांगोळी राहायची नाही," ती स्वतःशीच म्हणाली, आणि विहीणबाईंच्या पानाभोवती पाकळ्यांची महिरप घालू लागली. पिवळी कमान, दोन्ही टोकांना पांढऱ्या पाकळीचे एक एक कमळ. तिचा हात आता कापतो, त्यामुळे डावे कमळ जरा फिसकटले. विहीणबाई तिच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी परडीतल्या मूठभर पाकळ्या उचलल्या आणि समोरच्या, आठव्या, पानाभोवती तशीच महिरप घालायला घेतली. ती त्यांना नीट साधत नव्हती. "आत वळवा," आई म्हणाली. "हं. असं."

मग आईने टेबलावरून नजर फिरवली. "मीठ कुठंय? पान मांडलं की आधी मीठ." मीठ आले. वर मध्ये मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे बिरडे आणि केळफुलाची भाजी, मध्ये भाताची मूद. पुरणपोळ्यांवर तूप पडले. विहीणबाईंनी डोळे मिटून त्यांची जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. आईने तिचा नेहमीचा श्लोक म्हटला. समोरच्या आठव्या पानावर बसून.

जेवण चांगले झाले. काय बोलणे झाले ते सगळे लिहिण्यासारखे नाही. व्याही पोळीवर तूप किती घेत, यावर विहीणबाई थोड्या हसल्या आणि मग थोड्या रडल्या. मी मुकुटाचे फटाके आणायला विसरलो होतो, त्याबद्दल पुतण्याने मला अजून क्षमा केलेली नाही. लहानपणी नाताळच्या आदल्या दिवशी आमच्याकडेही उपासच असायचा, मांसाला हात लागायचा तो मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर, असे विहीणबाईंनी सांगितले. तेव्हा पंधरा दिवस पोलंडात शोधलेली गोष्ट मला वसईला एक फोन करून कळली असती, हेही उघडकीला आले.

अडचण आली ती मेणबत्तीची. मिस्सेला निघायची वेळ झाली. पेटती मेणबत्ती मागे ठेवून घर सोडणे बरे नव्हे. पण दिवा फुंकून विझवायचा नाही ही आईची जन्माची शिस्त, आणि विहीणबाईही ती फुंकायला तयार होईनात. शेवटी ती तशीच पेटती ठेवून आईने तिच्याजवळ बसायचे ठरवले. मंडळी रात्री एकच्या पुढे परतली, तेव्हा ज्योत अंकुरांपर्यंत उतरली होती आणि आई खुर्चीत जागी होती.

सकाळी पाहिले तर त्या पांढऱ्या कापडावर दोन खुणा होत्या. एक मेणाची. मेण बोटाने खरवडू नये. खाली-वर टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली की ते कागदात उतरते. ते उतरले. दुसरी खूण हळदीची, आईच्या जागेसमोर, चांगली रुपयाएवढी. विहीणबाई म्हणाल्या, "राहू द्या हो, धुतलं की जाईल." आई म्हणाली, "साबण लावला की लाल होतो, मग घाबरायला होतं. उन्हात टाकावं लागतं. राहू दे इथंच." आणि कापड ठेवून घेतले.

तीन दिवस ते आमच्या गच्चीत उन्हात होते. रोज दुपारी आई वर जाऊन डाग किती फिका झाला ते बघून येई. चौथ्या दिवशी तो कोठे होता हेही सांगता येईना. मी म्हणालो, "कुरियरने पाठवून देतो." आईने ते ऐकलेच नाही. कापडाला इस्त्री करून घेतली, किनार स्वतः हाताने सरळ केली, आणि संक्रांत झाल्यावर एका रविवारी तिळगुळाचा डबा आणि ती घडी पिशवीत घालून दाराशी उभी राहिली.

मी गाडी काढली. घोडबंदर रस्त्याला लागलो तेव्हा साडेअकरा झाले होते. रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन एक बाई बसली होती. मी सवयीने वेग कमी केला.

"केळी घेऊ नकोस," आई म्हणाली. "तिकडे जेवायचंय."